मॅडमचं गिऱ्हाईक

"सिगारेट ओढता का?"

मुलाखतीत हा प्रश्न येणार हे मी धरूनच चाललो होतो. गंगापूर रोडवर, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं ते ऑफिस. कॉलेजातल्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांची सिगारेट कमी करायची, असा मुंबईच्या एका संस्थेच्या पैशावर चालणारा प्रकल्प. अशा जागी काय उत्तर द्यायचं हे कोणाला शिकवावं लागत नाही. मी ताठ बसून म्हणालो, "नाही मॅडम. आयुष्यात कधी शिवलो नाही."

टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा काढला आणि माझा अर्ज घडी घालून माझ्याच हातात दिला. "मग तुमचा काय उपयोग? न ओढणारी पोरं सकाळपासून रांगेने येऊन गेली. जाताना पुढच्याला आत पाठवा."

मी दारापर्यंत गेलो. वडील लासलगावच्या बाजार समितीत मापारी, कांद्याची वजनं करता करता त्यांची कंबर धरलेली. आणि मी बी.कॉम. होऊन पोलीस भरतीच्या नादात घरी बसलेला. भरतीची जाहिरात कधी निघेल ते देवालाच ठाऊक, तोवर खोलीचं भाडं आणि खाणावळ भागेल अशी नोकरी हवीच होती. दारातूनच वळलो आणि म्हणालो, "मॅडम, ओढतो."

"रोज?"

"रोज."

"आत्ता खिशात आहे?"

मी पाकीट काढून दाखवलं. बाईंचा चेहरा उजळला. तुम्हीवरून एकदम तूवर आल्या. "बस. आधी खोटं का बोललास? असू दे, सगळेच बोलतात. उद्यापासून ये. आणि एक लक्षात ठेव, माझा प्रकल्प संपेपर्यंत सोडायची नाही."

तर सिगारेट सोडवणाऱ्या ऑफिसात मला नोकरी मिळाली ती सिगारेट ओढतो म्हणून. वडिलांना फोनवर सांगितलं, आरोग्याच्या खात्यात लागलो. ते म्हणाले, "चांगलं झालं, तब्येतीला जप."

कागदावर मी क्षेत्र सहायक होतो. ऑफिसात मात्र मी 'गिऱ्हाईक'. हे बारसं मॅडमनीच केलं. काम सोपं होतं. जे काही पोस्टर, जो काही मेसेज, जो काही छोटा व्हिडिओ तयार होईल तो आधी माझ्यापुढे यायचा. मॅडम समोर खुर्ची ओढून बसायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. "हं, गिऱ्हाईक. खरं सांग. बघून काय वाटलं?"

पोस्टरं करायला स्नेहल नावाची मुलगी होती. हुशार, मनापासून काम करणारी. तिने एकदा काळ्याठिक्कर पडलेल्या फुप्फुसाचं चित्र केलं. इतकं हुबेहूब, की बघून माझा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला. मी उठलो.

"कुठे निघालास?" मॅडमनी विचारलं.

"खाली जाऊन येतो जरा. घाबरलो. एक ओढून येतो."

मॅडमनी टेबलावर थाप मारली. "बघितलंस, स्नेहल? घाबरलेला माणूस काय करतो? रोज जे करतो तेच करतो, फक्त जास्त करतो. अगं, भीती दाखवून या देशात फक्त विमा खपतो."

ते पोस्टर पुढे डबे खाताना टेबलावर अंथरायच्या कामी आलं. उलटं अंथरायचं, एवढीच स्नेहलची विनंती होती.

मॅडम साठीला टेकलेल्या होत्या. नाशिक रोडला राहायच्या. मिस्टर तिथल्याच नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही काका म्हणायचो. नाशिक रोडहून गंगापूर रोडपर्यंत मॅडम स्वतःच्या जुन्या स्कूटरवर यायच्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हेल्मेट. वाटेत भाजी घ्यायच्या आणि जिना चढताना ती हेल्मेटमध्ये असायची, त्यामुळे दिवसभर त्यांच्या टेबलावर हेल्मेटमधून मेथी डोकावत राहायची. फोन उचलला की आधी "जय भीम", मग "बोला". पलीकडे मुंबईच्या संस्थेचे संचालक असोत की गॅसवाला, यात फरक नाही.

तरुणपणी त्यांनी एका साबणाच्या कंपनीसाठी पेठ, सुरगाणा, कळवण असे आठवडी बाजार पालथे घातले होते. शाम्पूच्या पुड्या विकायच्या. ती सगळी विद्या त्यांनी इथे लावली होती. "सुरगाण्याच्या बाजारात मी शाम्पू विकला," त्या सांगायच्या, "तर कधी केसांचं नाव काढलं नाही. विचारायचे, घरात लग्न कधी आहे? कोणी सांगितलं, पुढच्या महिन्यात, की पुडी गेली म्हणून समजा. लोक वस्तू घेत नाहीत रे. ती वापरल्यावर आपण कसे दिसू, ते घेतात."

सिगारेट न ओढणं ही त्यांच्या लेखी एक वस्तू होती. ती विकायची होती, आणि गिऱ्हाईक नाठाळ होतं. उपदेश, कळकळ, देशाचं भवितव्य असला माल त्यांच्या दुकानात नव्हता. काही शब्दांना ऑफिसात बंदीच होती. 'कॅन्सर' म्हटलं की सगळ्यांना मिसळ खिलवायची. 'फुप्फुस' म्हटलं की चहा. सगळ्यात मोठा दंड 'तरुणाई' या शब्दाला. हा शब्द मुंबईच्या प्रत्येक मेलमध्ये असायचा आणि मॅडम मेल वाचता वाचता चिडायच्या.

"तरुणाई म्हणजे कोण? मला पत्ता सांगा तिचा. कोणत्या टपरीवर उभी असते? सगळ्यांसाठी केलेली जाहिरात कोणासाठीच नसते. मला एकेक पोरगं दाखवा."

त्यांनी पोरांच्या जाती पाडल्या होत्या. एक परीक्षावाले, एक नाइट शिफ्टवाले, एक प्रेमभंगवाले. आणि सगळ्यात जास्त संख्या उगाचवाल्यांची. "गिऱ्हाईक, तू कोण?" त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हणालो, भरतीच्या अभ्यासामुळे, परीक्षावाला. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "नाही. तू उगाचवाला." वाईट वाटलं, पण खोडून काढता येईना.

या जाती त्यांनी ऑफिसात बसून पाडलेल्या नव्हत्या. जवळच्याच एका टपरीवर त्या रोज दुपारी जाऊन उभ्या राहत. ही टपरी कॉलेजपासून कायद्याला हवी तितकी लांब आणि पोरांना हवी तितकी जवळ होती. पहिल्या दिवशी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या तर पोरं पांगली. कोणाची तरी आई आली, असं वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक सुटी सिगारेट विकत घेतली आणि न पेटवता, हिशेब लिहिताना पेन धरावं तशी, बोटांत धरून उभ्या राहिल्या. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने लायटर पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "राहू दे बाळा, नंतर." तो 'नंतर' कधी आला नाही, पण तेवढ्यावर त्या टपरीच्या झाल्या. हातात सिगारेट आहे म्हटल्यावर पोरं त्यांच्यासमोर काहीही बोलायची. मास्तरांना शिव्या, ब्रेकअप, घरच्यांचं लग्नाचं टुमणं, सगळं.

हा प्रकार नाशिक रोडला पोचायला वेळ लागला नाही. काकांच्या कोणा मित्राने गंगापूर रोडवर मॅडमना पाहिलं आणि जड अंतःकरणाने काकांना फोन केला. "सांगायला नको वाटतं, पण वहिनी टपरीवर उभं राहून सिगारेट ओढतात."

काका प्रेसमधले, कागदाची आणि माणसाची पारख असलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "धूर पाहिलास का?"

"धूर नाही दिसला."

"मग ती कामावर असेल," असं म्हणून काकांनी फोन ठेवला. ही गोष्ट मॅडम स्वतः रंगवून सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "असा नवरा मिळायला भाग्य लागतं. नाहीतर तुम्ही! शर्टाला वास येतो का म्हणून बाही हुंगत घरी जाता."

टपरीवर उभं राहून त्यांना जो साक्षात्कार झाला तो असा, की पोरांना सिगारेट नको असते. पोरांना थोडा वेळ कोणाबरोबर तरी उभं राहायचं असतं, आणि उभं राहिल्यावर हाताचं काय करायचं ते कळत नसतं. "मोकळा हात हा खरा शत्रू," त्यांनी फळ्यावर लिहिलं. "हाताला काम द्या."

आणि मग आमच्या प्रकल्पाच्या इतिहासातलं चिवडा प्रकरण घडलं.

हाताला काय द्यायचं यावर बऱ्याच बैठका झाल्या. शेवटी मॅडमनी टाळी वाजवली. नाशिकच्या पोराच्या हातात काय शोभतं? चिवडा! शिवाय तेलकट. तेलकट बोटांनी कोण सिगारेट धरेल? कागद चिकटतो, फिल्टर घसरतो. स्नेहलने झकास पुडी बनवली. एका सिगारेटच्या किमतीत एक पुडी, चांगला झणझणीत चिवडा, वर उपदेशाचं एक अक्षर नाही. टपरीवर खोकी ठेवली. टपरीवाले दादा सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे. त्यांना सांगितलं, सिगारेट मागणाऱ्याला आधी ही पुडी दाखवा.

पंधरवड्याने मॅडम, स्नेहल आणि मी टपरीवर गेलो. दादा मॅडमना पाहून ओट्यावरून खाली उतरले. एरवी ते उतरत नसत.

"मॅडम, माल भारी शे! आखो धाडा!" आणखी पाठवा म्हणत होते.

"खपला?"

"समदा खपला. चिवडा तिखट, तं पोरं चहा मागतंस. चहा आला का सिगारेट मागतंस. आधी एक प्यायचे, आता दोन पितंस. तुमना उपकार शे!"

स्नेहल माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे बघेना. मॅडम मात्र दादांकडे टक लावून बघत राहिल्या. "पण तेलकट हात?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

दादांनी समोरच्या पोराकडे बोट केलं. त्याने चिवड्याची मूठ तोंडात टाकली, हात जीन्सला पुसला आणि सिगारेट मागितली.

ऑफिसात आल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या आणि अचानक इतक्या हसायला लागल्या, की खालच्या दवाखान्यातून माणूस बघायला आला. "अरे, सिगारेटच्या कंपनीला जे जमलं नाही ते आपण करून दाखवलं!" मग डोळे पुसून मुंबईला फोन लावला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं. मी त्यांच्या जागी असतो तर चिवड्याचा खर्च चहापाण्यात दाखवून गप्प बसलो असतो. त्यांना ते सुचलंही नसावं.

पुढे त्यांनी दादांच्याच ओट्याशेजारी कॅरम मांडला. तो चालला. खेळणारा सिगारेट पेटवायचा, पण बोर्डावर राख पडली की समोरचा भिडू त्याच्या आईबापाचा उद्धार करायचा. दोन-चारदा शिव्या खाल्ल्यावर पोरं सिगारेट खेळ संपेपर्यंत लांबवायला लागली, आणि खेळ काही लवकर संपत नसे. मॅडम बोर्डावर पावडर भुरभुरत उभ्या राहायच्या.

याच कामाबद्दल छापायला एकदा एक पत्रकार आला. त्याला गोष्ट हवी होती. "मॅडम, तुम्ही या कामात का आलात? घरात कोणाला... म्हणजे एखादी दुःखद घटना?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "सासरे बिड्या ओढायचे. पण चांगले नातवंडं-पतवंडं खेळवून गेले."

"मग प्रेरणा?"

"जाहिरात आली होती. अर्ज केला."

तो लेख काही छापून आला नाही. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही, आम्हालाच वाटलं. आता विचार करतो तेव्हा कळतं, त्यांना दुसऱ्याची पोरं जगवायला घरात कोणी मरायची गरज नव्हती.

अशात भरतीची जाहिरात निघाली.

पोलीस भरतीत सोळाशे मीटरची धाव असते. वेळेवर मार्क मिळतात. लेखीची मला भीती नव्हती, धावण्याची होती. सकाळी मैदानावर मी सुरुवात झोकात करायचो आणि शेवटच्या फेरीला छातीत कोणीतरी वीट ठेवल्यासारखं व्हायचं. सोबतची पोरं पुढे निघून जायची. एक जण मला सरळ म्हणाला, "तू आधी सिगारेट सोड, नायतर लय पळून काय उपयोग नाय." माझी ही वयात बसणारी शेवटून दुसरी संधी होती. वडील आता काट्यासमोर उभेही राहू शकत नव्हते.

मी सोडली. कोणाला सांगितलं नाही. सुरुवातीचे दिवस कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. चिडचिड व्हायची, झोप यायची नाही. ऑफिसात मात्र सोंग चालू ठेवलं. खिशात पाकीट, मधूनच "खाली जाऊन येतो" म्हणायचं आणि दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून परत वर यायचं. नोकरीची अट पक्की होती. प्रकल्प संपेपर्यंत सोडायची नाही.

आणि मॅडमनी मला पकडलं. वासावरून नाही, माझ्या उत्तरांवरून. स्नेहलने एक साधंच पोस्टर केलं होतं. मी म्हणालो, "छान आहे. पटतं." पुढच्या आठवड्यात दुसरं. मी म्हणालो, "हेही छान आहे." मॅडमनी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"गिऱ्हाईक, तुला लागोपाठ दोन पोस्टरं आवडली?"

"चांगली आहेत, मॅडम."

"चांगली नाहीत. ओढणाऱ्या माणसाला आमचं काही आवडत नाही. सोडलेल्या माणसाला सगळं आवडतं." त्यांनी चष्मा काढला. "कधी सोडलीस?"

मला वाटलं नोकरी गेली. सगळं एका दमात सांगून टाकलं. भरती, धाव, छातीतली वीट, वडिलांची कंबर. मॅडम हे सगळं टिपून घेतील, कशाने सुटली म्हणून प्रश्न विचारून हैराण करतील, अशी माझी अपेक्षा होती. पण त्यांनी एकच विचारलं. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होता, प्रकल्प संपेपर्यंत सोडायची नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हेल्मेट उचललं, मेथीसकट, आणि भर दुपारी घरी निघून गेल्या. इतक्या लवकर त्या कधीच गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आता ऑफिसात गिऱ्हाईक ठेवायचं नाही. जे विचारायचं ते टपरीवर जाऊन विचारायचं. माझी नोकरी तशीच राहिली. संध्याकाळ व्हायच्या आत त्या मला हाकलून द्यायच्या. "जा, पळ." डब्यातून माझ्यासाठी उकडलेली अंडी आणायच्या आणि काकांनी दिली म्हणायच्या. धावण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. एकदा म्हणाल्या, "शेवटच्या फेरीचा दम पहिल्या फेरीत वापरू नको." मी म्हणालो, "मॅडम, हे सगळ्यांना माहीत असतं." त्या ओशाळल्या. पण काहीतरी करत राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसावं.

मुंबईचे लोक पाहणीला आले तेव्हा त्यांना माझी गोष्ट कुठून तरी कळली. ते खूश झाले. माझा फोटो घ्यायचा, खाली लिहायचं, 'मी सोडली', आणि शहरभर लावायचा. फोटोग्राफर आला, मी शर्ट इन करून उभा राहिलो. मॅडम मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"हा फोटो लावायचा नाही."

"पण मॅडम, हे तुमचंच यश आहे," मुंबईचे साहेब म्हणाले. "प्रकल्पाला पुढची मुदत मागायला असं काहीतरी हातात हवं."

"हा आमच्यामुळे सुटलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "आमच्यामुळे अडकलेला होता. ते लिहिणार असाल तर लावा."

साहेबांनी ते लिहिलं नाही आणि मुदतही वाढवली नाही. मला तेव्हा मॅडमचा राग आला होता, खरं सांगतो. एक फोटो लावला असता तर काय बिघडलं असतं? आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या टिकल्या असत्या. त्यांना तसं म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं," आणि कॅरमची पावडर आणायला निघून गेल्या.

धावण्याच्या चाचणीच्या दिवशी पहाटे मैदानाबाहेर ही गर्दी. आत फक्त उमेदवारांना सोडत होते. गेटजवळ आया, बहिणी, केळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांत मॅडमही होत्या. मी सांगितलं नव्हतं. स्नेहलकडून तारीख काढली असणार.

मी पळालो. पहिल्या फेऱ्या चांगल्या गेल्या. शेवटच्या फेरीत तेच झालं. पाय चालत होते, छाती चालेना. सोडून फार दिवस झाले नव्हते, शरीर इतक्यात माफ करत नाही. पट्टीच्या पलीकडे पोचलो तेव्हाच कळलं, की या मार्कांवर पुढे काही होणार नाही.

गेटबाहेर आलो. मॅडम पुढे आल्या. "काय झालं?"

"गेलं, मॅडम. थोडक्यात गेलं."

त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि सरळ गेटवरच्या हवालदाराकडे गेल्या. मला वाटलं, बाथरूम कुठे म्हणून विचारत असतील.

"साहेब, याला परत एकदा पळू द्या."

हवालदार दमलेला होता. "बाई, मागे व्हा. आई का त्याची?"

"आई नाही. चूक माझी आहे म्हणून आलेय. हा मुलगा इतके दिवस सिगारेट ओढत राहिला तो माझ्यामुळे."

"टपरी आहे का तुमची?"

"नाही हो. आमचं सिगारेट सोडवायचं ऑफिस आहे."

"मग हा कोण?"

"याला ओढायला ठेवला होता."

हवालदाराने मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पगार देऊन?"

"हो. पगार देऊन."

आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. हवालदारही हसला. मी मान खाली घालून उभा. मॅडम मात्र हसल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "साहेब, खरं सांगते. पोराने आधीच सोडली असती, मी अट घातली. चूक माझी, आणि मार्क याचे जातायत. हे बरोबर आहे का? एकदाच पळू द्या त्याला. उद्या बोलवा, परवा बोलवा."

ज्या बाईने मुंबईच्या साहेबापुढे मान लववली नाही, ती एका हवालदारापुढे हात जोडून उभी होती. हवालदाराचं हसू गेलं. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, असं नसतं इथं. पुढच्या भरतीला घेऊन या त्याला."

मॅडम फूटपाथच्या कडेवर जाऊन बसल्या आणि रडायला लागल्या. तोंडाला पदर लावून नाही, मोकळ्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही शेजारी बसलो. समोरच्या चहाच्या गाडीवर माझ्याबरोबर पळालेली पोरं जमली होती. त्यातल्या एकाने बोटांनी खूण केली, येतो का? मी मानेनेच नाही म्हटलं. मॅडमना असं सोडून कुठे जाणार?

"मी तुझं नुकसान केलं रे," त्या म्हणाल्या. "माणूस बघायचा सोडून गिऱ्हाईक बघत बसले."

"मॅडम, असं नका बोलू. तुम्ही ठेवलं नसतं तरी मी ओढतच होतो. फुकट ओढत होतो."

रडता रडता त्यांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या भरतीला वयात बसतोस?"

"बसतो. शेवटची संधी."

"खरं ना?"

"खरं."

"सकाळी किती वाजता पळतोस?"

"मॅडम, उद्या तरी झोपू द्या."

"किती वाजता?"

मी वेळ सांगितली. सांगता सांगता लक्षात आलं, की समोरची पोरं चहा-सिगारेट आटोपून कधीच पांगली होती आणि मला त्यांच्यात जायची आठवणही राहिली नव्हती.

प्रकल्प त्यानंतर लवकरच बंद झाला. मी एका गोदामात कामाला लागलो. मॅडम मात्र मैदानावर येत राहिल्या, थंडीत स्वेटर घालून, कधी काकांना मागे बसवून. मी पळायचो, त्या मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीजवळ उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. काका वर्तमानपत्र वाचायचे.

पुढच्या भरतीच्या निवड यादीत माझं नाव लागलं, तेव्हा वडिलांच्या आधी मी मॅडमना फोन केला. "जय भीम, बोला," ऐकू आलं आणि मी सांगून टाकलं.

"सुटले रे मी," त्या म्हणाल्या, आणि फोन काकांच्या हातात दिला.